सिमेंट भरलेल्या मणक्यातील जंतुसंसर्ग : निदान, उपचार आणि प्रतिबंध

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या ताळेबंदाबरोबरच एखाद्या वैद्यकीय विषयाची सविस्तर ओळख करून द्यावी, असा आमचा प्रघात आहे. देणगीदारांना आपला पैसा कोणत्या कामी येतो हे कळावे, विश्वस्तांना निर्णय घेताना विषयाची पार्श्वभूमी लाभावी आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या शंकांचे निरसन व्हावे, हा त्यामागील हेतू. यंदा निवडलेला विषय काहीसा अपरिचित आहे. ठिसूळ होऊन खचलेल्या मणक्यात सिमेंट भरतात, हे आता अनेकांच्या कानावर आलेले असते. त्या सिमेंटभोवती जंतुसंसर्ग झाला तर काय करावे लागते, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

ही गुंतागुंत विरळ आहे, हे प्रारंभीच नमूद करतो. तैवानमधील एका मोठ्या रुग्णालयाने २०१८ साली आपला पंधरा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यात मणक्यात सिमेंट भरलेल्या ५,७४९ रुग्णांपैकी १८ जणांना पुढे मणक्याचा जंतुसंसर्ग झाला. म्हणजे हजारी सुमारे तीन. त्यामुळे ज्यांच्यावर ही प्रक्रिया झालेली आहे त्यांनी भयभीत होण्याचे कारण नाही. परंतु ज्या थोड्या रुग्णांच्या वाट्याला हा संसर्ग येतो, त्यांच्या बाबतीत तो वेळीच ओळखला गेला नाही तर पायांतील शक्ती जाण्यापासून प्राणावर बेतण्यापर्यंत काहीही घडू शकते. वेळीच ओळखला गेला तर बरेच रुग्ण बरे होतात. या दोहोंतील अंतर पुष्कळदा एखाद्या साध्या तपासणीचे असते. हा लेख लिहिण्याचे प्रयोजन तेच.

मणक्यात सिमेंट का भरतात?

वाढत्या वयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, हाडे आतून पोकळ व ठिसूळ होत जातात. यास अस्थिसुषिरता किंवा ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांतही हेच घडते. अशा व्यक्तीचा मणका पाण्याची घागर उचलताना, न्हाणीघरात पाय घसरून, एस.टी.च्या मागच्या आसनावर दणका बसून, क्वचित नुसत्या खोकल्याच्या उबळीनेही खचतो. बहुतेकांच्या वेदना विश्रांती, वेदनाशामक औषधे आणि कमरपट्टा यांच्या साहाय्याने काही आठवड्यांत ओसरतात. काहींना मात्र कूस बदलणेही अशक्य होते, आणि वृद्ध माणूस अंथरुणाला खिळला की फुप्फुसाचा संसर्ग, शय्याव्रण, पायांतील रक्ताच्या गुठळ्या ही संकटे रांगेने उभी राहतात.

अशा रुग्णांसाठी व्हर्टिब्रोप्लास्टी ही प्रक्रिया उपयोगात आली. फ्रान्समधील आमियाँ येथे गालिबेर आणि देरामाँ या डॉक्टरांनी ती १९८४ साली प्रथम केली आणि १९८७ साली प्रसिद्ध केली. पहिल्या रुग्णाचा आजार हाडाच्या ठिसूळपणाचा नव्हता. मानेच्या दुसऱ्या मणक्यात रक्तवाहिन्यांची गाठ होती. पुढे तीच युक्ती खचलेल्या मणक्यांसाठी वापरली जाऊ लागली. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाठीतून जाड सुई मणक्यात नेतात आणि काही मिलिलिटर पातळ सिमेंट आत सोडतात. ते थोड्याच मिनिटांत घट्ट होते. कायफोप्लास्टी या सुधारित पद्धतीत प्रथम छोटा फुगा फुगवून मणक्याची उंची काहीशी पूर्ववत करतात व झालेल्या पोकळीत सिमेंट भरतात.

‘सिमेंट’ या शब्दाने गैरसमज होतो. घरबांधणीच्या सिमेंटशी याचा संबंध नाही. हा पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचा ॲक्रिलिक पदार्थ असून कवळ्यांमध्येही त्याच जातीचा पदार्थ असतो. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी कृत्रिम खुबा बसविण्यासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याचा वापर रूढ केला.

या प्रक्रियेच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत एकमत नाही, हेही वाचकांना ठाऊक असावे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत काही रुग्णांना सिमेंट भरले आणि काहींवर केवळ तशी बतावणी केली. दोन्ही गटांच्या वेदनांत लक्षणीय फरक आढळला नाही. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, अस्थिभंगास सहा आठवडे होण्यापूर्वी व वेदना तीव्र असताना केलेल्या प्रक्रियेचा लाभ दिसून आला. २०१८ साली नेदरलँड्समधील अभ्यासात पुन्हा फरक आढळला नाही. यातून आम्ही एवढाच बोध घेतो की, प्रत्येक खचलेल्या मणक्यात सिमेंट भरण्याची आवश्यकता नसते. निवडक रुग्णांनाच, पुरेशा विचाराअंती, ही प्रक्रिया सुचवावी. जी प्रक्रिया टाळता आली, तिची गुंतागुंतही टळते.

सिमेंट आणि जंतू

निरोगी हाडात रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि औषधे ही दोन्ही रक्तातूनच पोहोचतात. सिमेंट ही निर्जीव वस्तू. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. जंतू एकदा तिच्या पृष्ठभागावर चिकटले की ते स्वतःभोवती एक बुळबुळीत आवरण तयार करतात. विहिरीच्या दगडांवर साचणाऱ्या शेवाळाची आठवण व्हावी, असा हा थर असतो. त्याला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. त्याच्या आत जंतूंची वाढ मंदावते, आणि जंतूंच्या वाढीच्या काळातच प्रभावी ठरणारी अनेक प्रतिजैविके तेथे निष्प्रभ होतात. रक्तातील जंतू मरतात, ताप उतरतो, रुग्णास बरे वाटते; औषध थांबले की थरात लपलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात. साध्या मणक्याच्या संसर्गापेक्षा सिमेंट असलेल्या मणक्याचा संसर्ग चिवट का, याचे उत्तर यात आहे.

संसर्ग येतो कोठून?

याचे तीन मार्ग संभवतात. पहिला, सुई टोचताना त्वचेवरील जंतू आत जाणे. निर्जंतुकीकरण काटेकोर असेल तर हा धोका अत्यल्प राहतो.

दुसरा मार्ग रक्ताचा. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम, किडलेला दात, दीर्घकाळ ठेवलेली मूत्रनलिका, यांतील जंतू रक्तात उतरतात आणि सिमेंटच्या आश्रयाला जातात. हे प्रक्रियेनंतर काही दिवसांतही घडते आणि वर्षानंतरही. मधुमेह, मूत्रपिंड व यकृताचे जुने विकार, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे आणि कुपोषण यांमुळे धोका वाढतो.

तिसरा मार्ग सर्वांत विचार करण्याजोगा आहे. यात संसर्ग सिमेंटमुळे होत नाही. तो आधीपासूनच मणक्यात असतो. क्षयरोगाने किंवा अन्य जंतूंनी पोखरलेला मणका खचतो, चित्रात तो ठिसूळपणामुळे खचलेल्या मणक्यासारखा दिसतो आणि त्यात सिमेंट भरले जाते. सत्तरीच्या आजीबाईंची पाठ दुखत असेल तर ठिसूळ हाडांचा विचार मनात प्रथम येणे स्वाभाविक आहे. भारतात मात्र तेवढ्यावर थांबणे परवडणारे नाही. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत, आणि हाडासांध्यांच्या क्षयरोगात पाठीच्या कण्याचे प्रमाण सुमारे निम्मे असते. तैवानमधील ज्या १८ रुग्णांचा उल्लेख आम्ही केला, त्यांपैकी ९ जणांचा संसर्ग क्षयरोगाचा होता. आपल्याकडे तो विचार प्रथमपासूनच मनात असला पाहिजे.

धोक्याच्या खुणा

सिमेंट भरल्यानंतर ज्यांना आराम पडतो, त्यांना तो बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच जाणवतो. संसर्गाची ठळक खूण अशी की, बरी झालेली पाठ पुन्हा दुखू लागते आणि ही वेदना निराळी असते. ठिसूळ मणक्याची वेदना उठता-बसता वाढते व पडून राहिल्यावर कमी होते. संसर्गाची वेदना पडून राहिल्यावरही थांबत नाही. रात्री झोपमोड करते आणि दिवसेंदिवस वाढत जाते.

ताप असेलच असे नाही. मणक्याच्या संसर्गाचे कितीतरी रुग्ण, विशेषतः वृद्ध, तापाशिवायच येतात. ‘ताप नाही, म्हणजे संसर्ग नाही’ हा समज म्हणूनच घातक आहे. भूक मंदावणे, वजन घटणे, संध्याकाळची कणकण, रात्रीचा घाम या खुणांकडे वयोमानाचे दुखणे म्हणून दुर्लक्ष करू नये. पायांना मुंग्या येणे, चालताना पाय लटपटणे, लघवी अडणे किंवा नकळत होणे ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची लक्षणे होत. ती दिसल्यास सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालयात यावे.

येथे नातेवाइकांची भूमिका मोलाची ठरते. ‘सिमेंट भरले, आता दुखायचे कारण नाही’ असे घरातील वृद्धास ऐकविले जाते, आणि तेही मग तोंड मिटून सोसत राहतात. सोसण्याची सवय असलेली ही पिढी आहे. तिने तक्रार केली, तर ती गांभीर्यानेच घ्यावी.

निदान : आधी नमुना, मग औषध

प्रथम ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या केल्या जातात. शरीरात कोठेतरी दाह असल्याचे त्या सांगतात. कोठे आणि कशामुळे ते सांगत नाहीत. प्रक्रियेनंतर सीआरपी काहीसे वाढून पुन्हा उतरते. उतरण्याऐवजी ते चढत गेले तर संशय बळावतो. साध्या क्ष-किरण चित्रात बदल दिसावयास कित्येक आठवडे लागतात, म्हणून एमआरआय हीच मुख्य तपासणी ठरते. सिमेंट धातूचे नसल्याने एमआरआय करण्यास अडचण येत नाही. चित्रात ते काळ्या डागासारखे दिसते व त्याच्या सभोवतालची सूज, पू, शेजारील गादीचा नाश आणि मज्जारज्जूवरील दाब यांचा अंदाज घेता येतो. सर्वसाधारण जंतू दोन मणक्यांमधील गादी लवकर नष्ट करतात. क्षयरोगात ती बराच काळ शाबूत राहू शकते आणि पू मणक्यांच्या कडेने खाली उतरत पोटामागील स्नायूंत साठतो. पण चित्रावरून केलेला हा तर्क झाला, पुरावा नव्हे.

पुरावा मिळतो तो नमुन्यातून. रक्त कल्चरसाठी पाठवितात. सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने मणक्याचा तुकडा किंवा पू काढतात. या नमुन्याचे भाग करून एक सर्वसाधारण जंतूंच्या कल्चरसाठी, एक क्षयरोगाच्या कल्चरसाठी, एक सीबीनॅट या जनुकीय चाचणीसाठी आणि एक सूक्ष्मदर्शकाखालील ऊतक-तपासणीसाठी पाठवावा लागतो. सीबीनॅटचा निष्कर्ष सुमारे दोन तासांत मिळतो व रिफॅम्पिसिन हे औषध लागू पडेल की नाही, याचीही कल्पना येते. क्षयरोगाच्या कल्चरला मात्र सहा आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते.

अनेक नातेवाईक या टप्प्यावर अस्वस्थ होतात. रुग्ण वेदनेने तळमळत असताना डॉक्टर औषध सुरू का करीत नाहीत, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. त्याचे उत्तर असे की, नमुना घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिले तर नमुन्यातील जंतू वाढत नाहीत आणि शत्रू कोण हे कळण्याची संधी हुकते. मग महिनोन्‌महिने अंदाजाने औषधे द्यावी लागतात. क्विनोलोन गटातील औषधे तर क्षयरोगालाही अर्धवट दाबतात. रुग्णास तात्पुरते बरे वाटते आणि निदान लांबणीवर पडते. अर्थात, रुग्णाच्या रक्तात विष पसरल्याची चिन्हे असतील किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होत असेल, तर थांबता येत नाही. रक्ताचे नमुने घेऊन तत्काळ औषध सुरू केले जाते. इतर वेळी एक-दोन दिवसांचा धीर पुढील कित्येक महिन्यांची दिशा ठरवितो.

औषधोपचार

सर्वाधिक आढळणारे जंतू स्टॅफिलोकोकस जातीचे असतात. मूत्रमार्गातून आलेल्या संसर्गात ई. कोलाय व त्याच्या जातकुळीतील जंतू सापडतात. कल्चरच्या अहवालानुसार औषध निवडले जाते आणि प्रारंभी ते शिरेतून देतात. सिमेंट नसलेल्या मणक्याच्या सर्वसाधारण संसर्गात सहा आठवड्यांचा उपचार पुरेसा ठरतो; फ्रान्समध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांचा उपचार बारा आठवड्यांच्या तोडीचा असल्याचे दिसून आले. सिमेंट आत राहणार असेल तर मात्र हा हिशेब बदलतो. शिरेतील औषधानंतर तोंडाने घ्यावयाची औषधे बहुधा कित्येक महिने चालू ठेवावी लागतात आणि ती थांबविल्यावरही दीर्घकाळ नजर ठेवावी लागते.

जैवपटलात शिरू शकणाऱ्या मोजक्या औषधांत रिफॅम्पिसिनची गणना होते. म्हणून स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात ते दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. आपल्याकडे येथे एक पथ्य पाळावेच लागते. रिफॅम्पिसिन हे क्षयरोगाचेही प्रमुख औषध आहे. क्षयरोग नाही याची शक्य तितकी खात्री न करता ते दिले, तर क्षयजंतू त्याला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. निदानाच्या नमुन्याचे महत्त्व यावरूनही ध्यानात यावे.

या काळात मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या, रक्तातील साखरेवर नियंत्रण, प्रथिनयुक्त आहार, शय्याव्रणे होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे आणि श्वसनाचे व्यायाम, ही सारी औषधाइतकीच महत्त्वाची कामे असतात. त्यांचा बराचसा भार परिचारिका आणि घरची माणसे उचलतात. औषध लागू पडत असल्याची खूण म्हणजे वेदना ओसरणे आणि सीआरपी उतरणे. एमआरआय चित्रातील सुधारणा मागाहून दिसते, त्यामुळे चार आठवड्यांनी चित्र तसेच दिसले म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

क्षयरोग असल्यास

क्षयरोगाचे निदान झाले की पुष्कळ कुटुंबांना धक्का बसतो. घरात कुजबुज सुरू होते. वस्तुतः केवळ मणक्याचा क्षयरोग असलेल्या रुग्णापासून इतरांना संसर्ग होत नाही. फुप्फुसात रोग आहे काय, एवढे तपासून घ्यावे लागते. या रोगाची औषधे परिणामकारक आहेत. भारतातील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मणक्याच्या क्षयरोगावर किमान बारा महिने उपचार करावयाचे असून गरजेनुसार ते अठरा महिन्यांपर्यंत वाढविता येतात.

एकेकाळी मणक्याच्या क्षयरोगात सरसकट शस्त्रक्रिया करावी की केवळ औषधे द्यावीत, असा वाद होता. वाराणसी येथील डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली ‘मध्यममार्ग’ मांडला : औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया मात्र ज्यांना खरोखरीच आवश्यक आहे त्यांनाच. साधनांची चणचण असलेल्या देशाने जगाला दिलेला हा विचार आजही मार्गदर्शक आहे. सिमेंट असलेल्या मणक्यातही कणा स्थिर असेल आणि मज्जारज्जूवर दाब नसेल, तर प्रथम औषधांनाच संधी द्यावी, असे आमचे धोरण आहे.

ही औषधे राष्ट्रीय कार्यक्रमातून विनामूल्य मिळतात. निक्षय पोषण योजनेखाली आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये थेट खात्यात जमा होत असत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे. रिफॅम्पिसिनमुळे लघवीस नारिंगी रंग येतो; त्यास घाबरू नये. मात्र डोळे पिवळे होणे, सतत मळमळ किंवा दृष्टी अंधूक होणे यांपैकी काही जाणवल्यास तत्काळ कळवावे. आणि चार महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून औषध कदापि थांबवू नये. अर्धवट सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षाही हानिकारक ठरू शकतो.

शस्त्रक्रिया केव्हा?

चार प्रसंगी शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो : मज्जारज्जूवर दाब येऊन हातापायांतील शक्ती जाऊ लागली असता, पू मोठ्या प्रमाणात साठला असता, मणका ढासळून कणा अस्थिर झाला किंवा बाक येऊ लागला असता, आणि योग्य औषधे पुरेसा काळ देऊनही संसर्ग आटोक्यात येत नसल्यास.

ही शस्त्रक्रिया मोठी असते. सुईच्या छिद्रातून आत गेलेले सिमेंट त्याच छिद्रातून बाहेर काढता येत नाही. ते हाडाच्या जाळीत घट्ट रुतलेले असते. त्यामुळे सडलेले हाड आणि सिमेंट असा मणक्याचा पुढचा भागच तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो. त्याच्या लगत शरीरातील सर्वांत मोठ्या रक्तवाहिन्या असतात. रिकाम्या झालेल्या जागी रुग्णाच्याच बरगडीचे किंवा कमरेचे हाड, अथवा धातूचा पिंजरा बसवितात आणि पाठीमागून स्क्रू व सळ्यांनी कणा स्थिर करतात. हाडे मुळातच ठिसूळ असल्याने स्क्रूंची पकड ढिली पडण्याची भीती असते. म्हणून वरखालचे अधिक मणके जोडून घ्यावे लागतात. काही रुग्णांत हे सारे पाठीच्याच बाजूने, छाती किंवा पोट न उघडता करणे शक्य होते. शस्त्रक्रियेनंतरही प्रतिजैविकांचा संपूर्ण क्रम पुरा करावाच लागतो.

रुग्ण बहुधा सत्तरीच्या पुढचा, मधुमेही, हृदयविकार असलेला. अशा वेळी निर्णय सोपा नसतो. शस्त्रक्रिया केली तर तिच्या ताणाचा धोका, न केली तर पायांना कायमचे अपंगत्व येण्याचा धोका. हा निर्णय अस्थिशल्यविशारद, भूलतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, रुग्ण आणि कुटुंबीय यांनी एकत्र बसून घ्यावा, असा आमचा आग्रह असतो. रुग्ण शुद्धीवर असताना, त्याला समजेल अशा भाषेत त्यालाही विचारले गेले पाहिजे. ‘त्यांना सांगू नका, आम्ही काय ते ठरवतो’ ही विनंती प्रेमापोटी केली जाते, याची आम्हांस जाणीव आहे. पण पाठ त्यांची आहे आणि उरलेले आयुष्यही त्यांचेच. काही रुग्ण सर्व ऐकून घेऊन शस्त्रक्रिया नाकारतात. त्यांना औषधे, पाठीचा आधारपट्टा आणि वेदनाशमन देऊन संसर्ग दाबून ठेवण्याचा मार्ग उपलब्ध राहतो. तोही उपचारच आहे. ती उपेक्षा नव्हे.

प्रतिबंध

या गुंतागुंतीवरील सर्वांत स्वस्त उपचार तिच्या आधीचा आहे. मणक्यात सिमेंट भरण्यापूर्वी पुढील गोष्टींची खातरजमा व्हावी.

१. ईएसआर, सीआरपी, रक्तातील साखर आणि लघवीची तपासणी. शरीरात कोठेही सक्रिय संसर्ग असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत प्रक्रिया पुढे ढकलावी.

२. अलीकडील एमआरआय. शेजारील गादी, मणक्यांच्या कडा आणि भोवतालचे स्नायू तपासून संसर्गाची शंका दूर करावी. शंका उरली तर सिमेंट भरू नये.

३. सिमेंट सोडण्यापूर्वी त्याच सुईतून हाडाचा लहानसा नमुना काढून तपासणीस पाठविणे. यासाठी रुग्णास वेगळी सुई टोचावी लागत नाही. दडलेला क्षयरोग किंवा कर्करोग याच नमुन्यात सापडू शकतो.

४. शस्त्रक्रियागृहाच्या दर्जाचे निर्जंतुकीकरण आणि प्रक्रियेपूर्वी तासाभराच्या आत प्रतिजैविकाची एक मात्रा.

५. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या निवडक रुग्णांत प्रतिजैविकमिश्रित सिमेंटचा विचार. कृत्रिम सांध्यांसाठी ही कल्पना जर्मनीतील बुखहोल्ट्स व एंगेलब्रेख्ट यांनी १९७० साली मांडली होती.

प्रक्रियेनंतरही ठिसूळ हाडांवरील मूळ उपचार चालूच राहिले पाहिजेत. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हाडे बळकट करणारी औषधे, झेपेल तेवढे चालणे आणि घरातील पडझड टाळण्यासाठी न्हाणीघरात धरावयास दांडी व रात्री मंद दिवा, या साध्या गोष्टी पुढचा मणका वाचवितात. सिमेंटने एक मणका सावरतो, बाकीचे जसेच्या तसेच राहतात.

देणगीदार व विश्वस्तांसाठी दोन शब्द

एवढ्या विरळ गुंतागुंतीसाठी धर्मादाय संस्थेने आपला मर्यादित निधी खर्च करावा काय, हा प्रश्न विश्वस्तांनी विचारला तर तो गैर नाही. एका रुग्णाची सहा आठवड्यांची खाट, शिरेतील महागडी प्रतिजैविके, वारंवार होणारे रक्ताचे नमुने, क्वचित मोठी शस्त्रक्रिया आणि मागाहून कित्येक महिन्यांचे भौतिकोपचार, या खर्चात मोतीबिंदूची अनेक शिबिरे होऊ शकतील, हे खरे आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. त्या निधीतील रक्कम काही मोजक्या दीर्घ आजारांतच आटून जाण्याची शक्यता नेहमीच असते.

आमचे निवेदन असे की, हा प्रश्न एका रुग्णापुरता पाहू नये. नमुना तपासणारी सूक्ष्मजीवशास्त्राची सुसज्ज प्रयोगशाळा केवळ या रुग्णांच्या नव्हे, तर बाळंतिणींच्या, भाजलेल्यांच्या आणि अतिदक्षता विभागातील प्रत्येकाच्या उपयोगी पडते. प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ अर्धांगाच्या रुग्णालाही उभे करतो. विरळ आजाराच्या निमित्ताने उभी राहिलेली शिस्त सर्वांच्याच कामी येते. ज्या रुग्णालयात औषधाआधी नमुना घेण्याची रीत आहे, तेथे औषधांचा अपव्ययही कमी होतो.

देणगीची पाटी लावण्यासाठी यंत्र दिसावे लागते. नमुन्याच्या बाटल्या, कल्चरची माध्यमे, हवेच्या गाद्या, आधारपट्टे आणि घरी जाऊन औषध देणाऱ्या परिचारिकेचा प्रवासखर्च यांवर पाटी लावता येत नाही. तरीही एखाद्या वृद्धेचे पाय शाबूत राहणे पुष्कळदा याच गोष्टींवर अवलंबून असते. आपल्या देणगीचा काही अंश अशा न दिसणाऱ्या कामासाठी राखून ठेवण्याची अनुमती द्यावी, अशी आमची नम्र विनंती आहे.

आणि ज्यांच्या घरी मणक्यात सिमेंट भरलेले वडीलधारे आहेत, त्यांना एकच सांगणे : प्रक्रियेचे कागद व चित्रे जपून ठेवा, पुढे कोणत्याही आजारासाठी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी सिमेंटचा उल्लेख आवर्जून करा, आणि बरी झालेली पाठ पुन्हा दुखू लागली तर वेळ न दवडता दाखवा. बहुतेक वेळा कारण किरकोळच निघेल. तसे निघाले तर आपणा सर्वांनाच समाधान वाटेल. आणि न निघाले, तर आपण वेळेत आलेले असाल.